चिलकूट खिंड आणि एक टन सामान

तो फोटो कुठे ना कुठे तुमच्या नजरेखालून गेलेला असणार. पांढराशुभ्र बर्फाचा चढ आणि त्यावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत माणसांची एक सलग काळी रेघ, एकाच्या पाठीला दुसऱ्याचं डोकं लागेल इतकी दाटीची, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर गाठोडं. एरिक हेग नावाच्या फोटोग्राफरने 1898 च्या सुमारास असे बरेच फोटो काढले आणि क्लोंडाइकच्या गोल्ड रशबद्दल, म्हणजे कॅनडाच्या युकॉन भागात सोनं सापडल्यावर उडालेल्या झुंबडीबद्दल, कुणी काहीही लिहिलं की त्यातलाच एखादा अजूनही छापला जातो. अलास्काने गोल्ड रशची शंभरी साजरी केली तेव्हा गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा हीच रांग आली होती. ती जागा म्हणजे चिलकूट खिंड. त्या फोटोंत सगळे वर चाललेले दिसतात, आणि खाली येणारी माणसं मात्र सहसा कुणाला आठवत नाहीत. खरं तर त्या हिवाळ्यात इथं जो वर गेला तो परत खाली आला, परत वर गेला, परत खाली आला, आणि हे असं कितीतरी वेळा. मला विचाराल तर चिलकूटची खरी गोष्ट त्या खाली येण्यातच आहे, पण ते पुढे सांगते.

चिलकूट अलास्काच्या आग्नेय कोपऱ्यात, स्कॅगवे गावाजवळ. डाया नावाच्या, आता जवळजवळ पुसल्या गेलेल्या गावापासून वाट निघते तीच मुळी समुद्रसपाटीवरून, खिंड ओलांडून कॅनडात उतरते आणि ब्रिटिश कोलंबियातल्या बेनेट लेकच्या काठावर संपते. एकूण 33 मैल, म्हणजे 53 किलोमीटर. आणि खिंडीची उंची किती, तर साधारण साडेतीन हजार फूट. हे ऐकून दादा फोनवर खो खो हसला होता. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, डोंबिवलीचा, आता सिएटलला असतो, कॉलेजात असताना दर रविवारी कुठला ना कुठला किल्ला. ''अगं, सिंहगड याच्यापेक्षा उंच आहे!'' आकड्याने आहेच उंच. पण सिंहगडाला साठ अंश अक्षांशाच्या जवळपासचं हवामान नाही, तिथं जुलैत कातळाखाली बर्फ लपलेला नसतो, आणि दमलं की वरती भजी अन् दही मिळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हिमालयात आपल्याला एक सवय लागलेली असते, जड सॅक खेचरावर टाकायची, तंबू आपण पोचायच्या आत लागलेला, आणि संध्याकाळी कुणीतरी गरम सूप आणून हातात देतो. इथं त्यातलं काही नाही. जे लागणार ते पाठीवर, जे नाही घेतलं ते नाही. वहिनीने घरी वजनकाटा काढला आणि पिशव्या मोजायला घेतल्या तेव्हा आमच्यात जी भांडणं झाली ती लिहीत बसत नाही. मेतकूट-भात सॅकमध्ये राहिला, भाजणी गेली, लाडू निम्मे झाले, आणि लसणाच्या चटणीवर तह झाला.

परमिट पार्क्स कॅनडाकडून आधी बुक करावं लागतं, कारण दिवसाला पन्नासच जणांना खिंड ओलांडू देतात. कुठल्या रात्री कुठल्या कॅम्पला राहणार हेही आधीच ठरलेलं असतं, पाऊस आला म्हणून आज इथंच थांबू असं मनाला येईल तसं चालत नाही. मी व्हँकुव्हरहून, ती दोघं सिएटलहून, स्कॅगवेला भेटलो. तिथल्या ऑफिसात अस्वलांबद्दल भलंमोठं लेक्चर मिळालं. जे जे वासाचं ते सगळं रात्री लोखंडी पेटीत ठेवायचं, म्हणजे खाणं, टूथपेस्ट, सनस्क्रीन, अगदी लिप बाम. वहिनीने चटणीबद्दल विचारलं. त्या मुलीने डबी नाकाशी नेली, जरा मागे सरकली आणि म्हणाली, पेटीत, आणि अजून दोन पिशव्यांच्या आत. (आम्ही 2019 च्या जुलैत गेलो होतो. नंतर ऑक्टोबर 2022 च्या पुरात अमेरिकेच्या बाजूची वाट बरीच वाहून गेली, त्यामुळे कुणाला जायचं असेल तर आधी सध्याची परिस्थिती विचारून मगच तिकिटं काढा.)

डायामध्ये बघायला काय आहे, तर जंगल. 1898 च्या सुरुवातीला इथं हजारोंची वस्ती होती, हॉटेलं, दारूचे गुत्ते, लांबलचक धक्का. आज एका इमारतीच्या दर्शनी भिंतीच्या फळ्या टेकू देऊन उभ्या केल्यात, धक्क्याचे काही खुंट गवतात दिसतात आणि बाकी सगळी झाडं. रेल्वे शेजारच्या स्कॅगवेहून गेली आणि डाया काही वर्षांत बसलंच. गावाबाहेर स्लाइड सिमेट्री म्हणून एक छोटं कब्रस्तान आहे, तिथल्या लाकडी पाट्यांवर एकच तारीख परत परत दिसते, 3 एप्रिल 1898. त्याच्याबद्दल पुढे.

वाट सुरू होते आणि लगेच एक उभा चढ अंगावर येतो, जेमतेम गरम व्हायच्या आधीच, सॅकचे पट्टेसुद्धा नीट बसलेले नसतात. मग टाइया नदीच्या कडेकडेने दाट, ओलं जंगल. सिट्का स्प्रूस, हेमलॉक, सगळ्यावर शेवाळ, दगड-झाड-पडलेला ओंडका काही ओळखू येऊ नये इतकं. मधेमधे डेव्हिल्स क्लब नावाची झुडपं, भोपळ्याएवढी मोठाली पानं आणि देठापासून पानाच्या शिरांपर्यंत बारीक काटे, तोल गेला म्हणून हात टाकला की संपलं. पाण्याच्या डबक्यांवरून फळ्यांची वाट केलीय, पाऊस म्हणाल तर तो पडत नव्हता आणि थांबतही नव्हता. दादा मात्र खूश, ''भीमाशंकर, श्रावणातलं,'' म्हणाला, आणि खरोखर ही कोकणची बाजू होती, समुद्राकडून येणारे ढग इथंच अडतात आणि इथंच रिकामे होतात. देश खिंडीपलीकडे.

कॅनियन सिटीच्या जवळ झुलत्या पुलावरून पलीकडे गेलं की झाडीत एक अवाढव्य गंजलेला बॉयलर पडलाय. इथून वर क्रेटर लेकपर्यंत 1898 च्या वसंतात हवेतून दोरांवर सामान नेणारा रोपवे सुरू झाला होता, त्याची वाफ इथं तयार व्हायची. हा बॉयलर इथवर आणला कसा हे कोडंच आहे. ज्याच्याकडे पैसे होते त्याचं सामान दोरावरून डोलत वर गेलं. ज्याच्याकडे नव्हते तो खालून बघत आपलं गाठोडं वाहत राहिला. पुढे रेल्वेने तो रोपवे विकत घेऊन बंदच करून टाकला, स्पर्धा नको म्हणून.

आता थोडा इतिहास, कारण तो सोन्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. ही वाट सोन्यासाठी आलेल्यांनी शोधली नाही. ती ट्लिंगिट लोकांची व्यापाराची वाट, पिढ्यानपिढ्यांची. किनाऱ्यावरून युलाकॉन नावाच्या छोट्या माशाचं तेल, वाळवलेले मासे वर जायचे आणि आतल्या टॅगिश आणि इतर लोकांकडून फर, कातडी खाली यायची. खिंड कुणी ओलांडायची आणि कुणी नाही हे ट्लिंगिट ठरवायचे, आणि ते या बाबतीत अजिबात गंमतीवारी नेत नसत. शेजारच्या चिलकाट ट्लिंगिटांनी तर 1852 साली पार आत युकॉनमध्ये जाऊन हडसन्स बे कंपनीचं फोर्ट सेल्कर्क हे ठाणं लुटून बंद पाडलं, कारण ती कंपनी यांच्या गिऱ्हाइकांशी परस्पर धंदा करायला लागली होती. नाणेघाटात जकातीचा दगडी रांजण बघितलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. बंदर आणि पठार यांच्यामधल्या वाटेवर जो बसतो, तो फुकट कुणाला सोडत नाही. 1880 साली अमेरिकन नौदलाने मध्यस्थी केली तेव्हा कुठे सोनं शोधत फिरणाऱ्या गोऱ्या प्रॉस्पेक्टरांना इथून जाऊ द्यायला ते तयार झाले, आणि त्यातूनही ट्लिंगिटांचा एक धंदा उभा राहिला, हमालीचा.

यातल्या एका हमालाचं नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. केइश, टॅगिश माणूस, गोरे त्याला स्कूकम जिम म्हणायचे, स्कूकम म्हणजे तगडा. 1887 मध्ये विल्यम ओगिल्वी हा सरकारी सर्व्हेयर इथून गेला तेव्हा केइशने एका खेपेत 156 पौंड बेकन खिंडीवर चढवलं. सत्तर किलो. माझी सॅक सोळा किलोची होती आणि मी दर वीस मिनिटांनी दगड शोधून तिला टेकवत होते. नऊ वर्षांनी, ऑगस्ट 1896 मध्ये, क्लोंडाइक नदीच्या एका ओढ्यात ज्यांना सोनं सापडलं त्यात हाच केइश होता, त्याचा भाचा, बहीण शाव ट्ला आणि तिचा गोरा नवरा जॉर्ज कारमॅक. शोध लावणाऱ्याचा म्हणून जो जास्तीचा क्लेम, म्हणजे खणायच्या हक्काचा जमिनीचा तुकडा, मिळतो तो लागला कारमॅकच्या नावावर. आता आधी कुणाला दिसलं यावर अजून वाद चालतात, पण त्या घरच्या लोकांच्या आठवणीत तो केइशच आहे आणि माझंही मत त्यांच्या बाजूचं.

शीप कॅम्पला पोचलो तेव्हा ओलेगच्च. संध्याकाळी रेंजर येऊन दुसऱ्या दिवसाबद्दल सांगते, बर्फ कुठे आहे, निघायचं किती वाजता (पहाटे, म्हणजे दुपारी ऊन लागून वरचा बर्फ सैल व्हायच्या आत धोक्याच्या जागा मागे पडतात), आणि मग 3 एप्रिलची गोष्ट. आधीचे काही दिवस जोरात बर्फ पडला होता, मग हवा गरम झाली. ट्लिंगिट हमालांनी वर जायला साफ नकार दिला आणि इतरांनाही सांगितलं की जाऊ नका. काहींनी ऐकलं. बाकीच्यांना एक दिवस फुकट जातोय याचीच घाई. त्या रविवारी एकामागून एक बर्फाचे कडे सुटले आणि साठाहून जास्त माणसं गाडली गेली. आणि रेंजरने सांगितलेली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट ही की थोड्याच दिवसांत रांग परत सुरू झाली होती. वहिनी म्हणाली, ''थांबून करणार काय होते? सामान अर्धं वर, अर्धं खाली.''

हे सामानाचं काय ते आता सांगते.

फेब्रुवारी 1898 पासून खिंडीच्या माथ्यावर कॅनडाच्या नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिसांनी चौकी टाकली. सॅम स्टील हा त्यांचा अधिकारी, मॅक्सिम मशीनगनांसकट. सीमा नक्की कुठून जाते यावर अमेरिकेचं आणि कॅनडाचं एकमत नव्हतं, ते प्रकरण 1903 च्या लवादात मिटलं, पण चौकी बसली आणि व्यवहारात सीमा तीच झाली. या चौकीचा नियम असा की वर्षभर पुरेल इतकं खाणं आणि बाकीची साधनं बरोबर असल्याशिवाय पुढे सोडणार नाही, कारण आदल्या हिवाळ्यात डॉसनमध्ये, म्हणजे क्लोंडाइकच्या काठी सोन्यासाठी वसलेल्या गावात, उपासमारीची वेळ आली होती. सगळं मिळून ते साधारण एक टन भरायचं. त्या काळच्या याद्या बघितल्या तर माणशी 400 पौंड पीठ, दीडशे पौंड बेकन, सव्वाशे पौंड शेंगादाणे नव्हे हं, वाल-घेवड्याच्या जातीचे बीन्स, साखर, चहा, कॉफी, वर तंबू, करवत, कुऱ्हाड, खिळे, शेगडी, बोटीला लावायचं डांबर.

आता हिशेब करा. एका खेपेला पन्नास पौंड धरले तर दोन हजार पौंडांना चाळीस खेपा. शीप कॅम्पपासून माथा साडेतीन-चार मैल. जाऊन-येऊन सात-आठ. म्हणजे सामान चार मैल पुढे सरकवायला माणूस तीनशे मैल चालणार, हिवाळ्यात, आणि त्यातलं निम्मं चालणं रिकाम्या हाताने मागे. आठवडेच्या आठवडे यात जायचे. आणि हे फक्त खिंडीचं झालं, अलीकडे डायापासून इथवर आणि पलीकडे तळ्यापर्यंत परत तेच.

पहाटे निघालो तेव्हा आम्ही तिघं याच हिशेबावर बोलत होतो. लाँग हिल नावाचा चढ लांबच लांब आहे, झाडं हळूहळू बुटकी होतात आणि मग नसतातच, नुसता दगड आणि दोन्ही बाजूंनी कड्यांवरून उतरणारं पाणी. मग एक सपाटसा खळगा येतो, त्याचं नाव द स्केल्स. इथं हमालीवाले सामान परत काट्यावर घालायचे आणि भाव वाढवायचे, कारण यापुढे उभी चढण, घोडीबिडी इथवरच. जमिनीवर बघाल तिकडे गंज. वायर रोपची भेंडोळी, डबे, फावड्याचं पातं, घोड्याचं हाड असावं असं काहीतरी. एका दगडाच्या आडोशाला बुटाचा एक तळवा पडला होता, लहान मापाचा, चामडं वाळून वर वळलेलं, आणि कडेने खिळ्यांची बारीक भोकं अगदी एका ओळीत, शिवणकामाच्या मशीनने मारावीत तशी नीट. टाचेकडची भोकं झिजून एकात एक मिसळली होती, फक्त डाव्या बाजूची. म्हणजे हा माणूस पाय जरा बाहेर टाकून चालायचा. इथल्या कशालाही हात लावायचा नाही, उचलायचं तर मुळीच नाही, कायदाच आहे, म्हणून आम्ही गुडघ्यावर बसून बघितलं आणि उठलो.

स्केल्सवरून समोर बघितलं तर मला वाटलं आपली वाट चुकली. कारण पायऱ्या नाहीतच. गोल्डन स्टेअर्स म्हणून जो भाग जगप्रसिद्ध आहे तो फक्त हिवाळ्यात असतो, म्हणजे असायचा. कडक बर्फात कुऱ्हाडीने जवळजवळ दीड हजार पायऱ्या खोदलेल्या, बाजूने दोर. उन्हाळ्यात बर्फ वितळला की खाली उरतो तो नुसता दगडांचा ढिगारा, फ्रिजएवढे, कपाटाएवढे दगड एकावर एक, साधारण हजार फूट उभे, आणि मधे खोचलेले केशरी खांब, वाट दाखवायला. हातापायांवर चढायचं. ट्रेकिंग पोल सॅकला बांधून टाकले. ओला ग्रॅनाइट, धुकं, मधेच एखादा दगड पायाखाली 'डुग्ग' करून हलायचा आणि पोटात गोळा. वहिनी पुढे, मी मधे, दादा मागे, आणि कुणाच्याच तोंडून शब्द नाही, ज्या घरात तीन मिनिटं शांतता टिकत नाही त्या घरच्या लोकांसाठी हे फारच झालं. वर पोचलो असं वाटतं तेव्हा तो खोटा माथा निघतो. मग दुसरा. दुसऱ्या खोट्या माथ्यावर दादाने जे शब्द वापरले ते काकूंच्या कानावर जाऊ नयेत म्हणून इथं लिहीत नाही.

पण एका टप्प्यावर दम खायला म्हणून पाठ टेकून खाली बघितलं. धुकं जरा हटलं होतं आणि स्केल्सचा खळगा पायाखाली पूर्ण दिसत होता. तेव्हा तो चाळीसचा आकडा अंगावर आला. आम्ही हे एकदाच करत होतो. वर गेलं की झालं, पुढे उतार, तळी, रात्री मेतकूट-भात. त्या लोकांचं मात्र वर गेलं की गाठोडं बर्फात ठेवायचं, खूण म्हणून काठी रोवायची (रात्रीत एवढा बर्फ पडायचा की स्वतःचं सामान खणून काढावं लागायचं), आणि मागे फिरायचं. खाली येणं मात्र झटपट असायचं. उताराला घसरगुंड्या पडल्या होत्या, त्यात बसून, कुणी फावड्यावर बसून, सुं करून खाली. तासन्‌तास चढलेलं काही क्षणांत खाली. लहान मुलाला यात मजाच वाटेल, आणि त्यांनाही पहिल्या चार-पाच वेळा वाटली असेल. पण ढुंगणाखालचा बर्फ थांबला की समोर परत तीच रांग, आणि रांगेतून श्वास घ्यायला बाजूला झालात तर परत आत शिरायला जागा मिळेपर्यंत ताटकळत उभं राहायचं. चढ माणसाला मोडत नसावा, परत पहिल्या पायरीशी उभं राहणं मोडत असावं. कितीतरी जणांनी इथं सामान विकून टाकलं आणि सरळ घरी निघून गेले. आधी मला ते लोक कच्चे वाटायचे. आता मुळीच वाटत नाहीत.

तिथंच मला मार्था ब्लॅक आठवली, तेव्हाची मार्था पर्डी. 1898 च्या उन्हाळ्यात ती या दगडांवरून चढली, लांब स्कर्ट, आत कॉर्सेट, आणि पोटात मूल. नवऱ्याने ऐनवेळी बेत बदलला होता, ती भावाबरोबर निघाली. जानेवारी 1899 मध्ये डॉसनला लाकडी खोपटात बाळंत झाली. पुढे 1935 मध्ये, सत्तरीला टेकलेली असताना, युकॉनमधून कॅनडाच्या संसदेवर निवडून आली, कॅनडाच्या संसदेतली दुसरी महिला खासदार. वहिनीला हे मी चढतानाच सांगितलं तर म्हणाली, ''मला हे आत्ता सांगू नकोस, माझे गुडघे आधीच बोलतायत.''

माथ्याच्या अलीकडे जरा बाजूला कापडी फोल्डिंग बोटींचे सांगाडे रचून ठेवल्यासारखे पडलेत. कुणी तरी धंद्याच्या हिशेबाने इथवर वाहून आणलेल्या, पलीकडे तळी आहेत, बोटी हातोहात खपतील. खपल्या नाहीत. अजून तिथंच आहेत.

माथ्यावर कॅनडाचा झेंडा, वॉर्डनची छोटी खोली आणि एक लाकडी निवारा. वारा असा की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं. निवाऱ्यात वेगवेगळ्या देशांची माणसं ओले मोजे पिळत बसली होती, आम्ही लाडू काढले तर शेजारच्या एका आजोबांनी, पंचाहत्तरीचे तरी असतील, हात पुढे केला, एक खाल्ला, मग न विचारता दुसरा. आम्हाला भारी आनंद झाला.

आणि मग पलीकडचं बघा. दहा मिनिटं उतरलो आणि ढगांतून बाहेरच आलो. खाली क्रेटर लेक, निळं म्हणावं तर हिरवं, कडेला अजून बर्फाचे तुकडे तरंगतायत, आणि भोवती झाड म्हणून नाही, दगड, दगडफूल, मॉसच्या गाद्या, इतकुशी गुलाबी फुलं. आभाळ उघडं. अंगावरचे रेनकोट काढले. हा देश! मागे वळून बघितलं तर खिंडीत ढग तटून उभे, एक पाऊल पुढे टाकायला तयार नाहीत. ढगांनी सगळं पाणी समुद्राच्या बाजूला टाकून दिलेलं असतं आणि इकडे कोरडा वारा तेवढा येतो, पाठ्यपुस्तकातला पर्जन्यछायेचा धडा इतक्या कमी अंतरात मी आपल्या घाटावरसुद्धा बघितलेला नाही.

हॅपी कॅम्पला पोचेपर्यंत मात्र जीव गेला. बर्फाचे पट्टे, ओढे, आणि तळ्यामागून तळं, वाट संपतच नाही. कॅम्पचं नाव ज्याने ठेवलं त्याला लाकडं मिळाली म्हणून आनंद झाला असं सांगतात, आम्हाला सॅक काढली म्हणून झाला. मेतकूट-भात, वर तुपाची पुडी फोडली, आणि चटणीची डबी पेटीतून समारंभपूर्वक बाहेर आली.

तिथून पुढे लाँग लेक, डीप लेक आणि मग लिंडमन. लिंडमनच्या काठी 1898 च्या वसंतात काही हजारांचं तंबूंचं गाव होतं, आता कॅम्पसाइट आहे आणि टेकाडावर छोटं कब्रस्तान. तळ्याच्या उतारावरची सगळी झाडं त्यांनी बोटींसाठी तोडून टाकली होती. ओंडका उंच माचीवर ठेवायचा, एक जण वर, एक जण खाली, मधे लांब करवत, आणि फळ्या पाडायच्या. वरच्याला वाटायचं खालचा अंग चोरतोय, खालच्याच्या डोळ्यांत भुसा. खिंड एकत्र चढलेल्या जीवलग मित्रांची मैत्री या करवतीवर तुटली म्हणतात, दादाने वहिनीकडे बघितलं, वहिनीने दादाकडे बघितलं, आणि विषय बदलला. मे 1898 च्या अखेरीला बर्फ फुटला आणि सात हजारांहून जास्त बोटी युकॉन नदीच्या दिशेने सुटल्या, जवळजवळ नऊशे किलोमीटर लांबच्या डॉसनकडे. त्यातल्या बहुतेकांना तिथं गेल्यावर कळलं की चांगले ओढे आधीच्या वर्षीच वाटून झालेत. पुढच्याच वर्षी अलास्कातल्या नोमला सोनं असल्याची बातमी पसरली आणि निम्मं डॉसन तिकडे पळालं.

बेनेटच्या शेवटच्या टप्प्यात वाट चक्क वाळूतून जाते, पाइनची झाडं, ऊन, आणि सॅकखाली पाय घोट्यापर्यंत रुतायला लागले की हसू येतं, एवढा बर्फ, एवढे दगड, आणि शेवटी चौपाटी. मग झाडांमागून लाकडी चर्च दिसतं, 1899 च्या सुमाराचं, टेकडीवर एकटंच, आणि खाली बेनेट लेक, दोन्हीकडे डोंगर आणि मधे लांब निळी पट्टी, शेवट दिसत नाही. बूट काढून पाण्यात पाय घातले आणि लगेच बाहेर काढले.

व्हाइट पास रेल्वे जुलै 1899 मध्ये बेनेटला पोचली, 1900 मध्ये पुढे व्हाइटहॉर्सपर्यंत, आणि चिलकूटची गरजच संपली. आता त्याच छोट्या गेजच्या गाडीने स्कॅगवेला परत जाता येतं. गाडीत क्रूझवरचे टुरिस्टही होते आणि त्यात एक जोडपं नाशिकचं निघालं, मुलाकडे आले होते, मुलाने क्रूझ घडवली. काका-काकूंनी आमच्या अवताराकडे बघून आधी जरा अंतर ठेवलं, पण वहिनी मराठीत काहीतरी बडबडली आणि मग काय, स्कॅगवे येईपर्यंत गप्पा. दादाने एक टनाचा सगळा हिशेब त्यांना ऐकवला, खेपा, पीठ, बेकन, घसरगुंडी, सगळं.

काका नीट ऐकत होते, नाशिकला त्यांचं किराणा दुकान. म्हणाले, ''आणि सोनं किती जणांना मिळालं?''

''फार थोड्यांना,'' दादा म्हणाला. ''लाखभर निघाले, तीस-चाळीस हजार पोचले असतील, त्यातल्या मूठभरांना.''

''मग पैसा कुणी केला?''

मी त्यांना खिडकीतून मागे पडलेलं बेनेट दाखवलं. इथं 1898 मध्ये दोघांनी मिळून आर्क्टिक नावाचं रेस्टॉरंट आणि हॉटेल काढलं होतं, त्यातला एक फ्रेडरिक ट्रम्प, डोनाल्ड ट्रम्पचे आजोबा. त्याआधी वाटेवरच्या तंबूतल्या खानावळीत ते घोड्याचं मांससुद्धा ताटात वाढायचे म्हणे, पण गर्दी हटायची नाही.

काकांनी समाधानाने मान हलवली. ''बघा, मी हेच म्हणत होतो,'' ते काकूंना म्हणाले, आणि चिवड्याची पिशवी आमच्यापुढे धरली, ''घ्या, घ्या, आमच्याच दुकानातला आहे.''